सांडपाणी, मासे आणि पक्षी : पूर्व कोलकात्याच्या पाणथळांचा इतिहास

पर्यावरणाचा इतिहास म्हटला की आपण बहुधा वनकायदे, धरणे आणि चिपको आंदोलन यांच्याकडे वळतो. या पाठात आपण एका शहराच्या गटाराचा माग काढत चालणार आहोत. विषय थोडा नाक मुरडायला लावणारा आहे, पण एक प्रश्न त्यातून अगदी नेमका पुढे येतो : शहराचे मैलापाणी, कारखान्यांचे पाणी आणि कचरा जिथे जाऊन पडतो, तिथली जैवविविधता वाचवायची म्हणजे नेमके काय वाचवायचे?

या प्रश्नासाठी भारतात पूर्व कोलकात्याच्या पाणथळांइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण. शहराच्या पूर्व सीमेला लागून सुमारे १२,५०० हेक्टरांचा हा प्रदेश आहे. कोलकात्याच्या मुख्य भागाचे मैलापाणी शुद्ध करणारा नेहमीच्या पद्धतीचा मोठा प्रकल्प शहराने कधी बांधला नाही. ते काम येथील तळी करतात आणि त्याच तळ्यांत शहराच्या ताटात जाणारा मासा वाढतो. या तळ्यांना बंगालीत 'भेडी' म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द वाचून भेंडी आठवेल, पण त्याचा मूळ अर्थ बांध असा आहे. बांध घालून अडवलेले उथळ मत्स्यतळे म्हणजे भेडी. पुढे आपण हाच शब्द वापरू. तसेच २००१ पूर्वीच्या घटनांसाठी कलकत्ता आणि नंतरच्यासाठी कोलकाता असे लिहू.

उतार पूर्वेकडे

नदीकाठच्या शहराचे पाणी नदीत जाते, असे आपण गृहीत धरतो. कलकत्त्यात तसे होत नाही. हुगळीने शेकडो वर्षे पुराच्या पाण्यातून गाळ टाकून आपला काठ उंच केला आहे. त्यामुळे जमिनीचा उतार नदीपासून दूर, पूर्वेकडे जातो. पूर्वेला एकोणिसाव्या शतकात खाऱ्या पाण्याची विस्तीर्ण उथळ सरोवरे होती. विद्याधरी या भरती-ओहोटीच्या नदीचे पाणी भरतीच्या वेळी तिथे पसरे आणि ओहोटीला परत जाई. सुंदरबनाशी त्यांचे नाते या नदीमार्गे होते. इंग्रज त्यांना 'सॉल्ट लेक्स' म्हणत आणि तिथल्या हवेला घाबरत, कारण दलदलीतून उठणारी दुर्गंधी रोग पसरवते असा त्या काळचा वैद्यकीय समज होता.

विल्यम क्लार्क या अभियंत्याने १८५५ मध्ये शहराच्या भूमिगत गटारांची योजना मांडली. तिचे काम १८५९ मध्ये सुरू झाले आणि १८७५ पर्यंत मुख्य भाग पुरा झाला. पावसाचे पाणी आणि मैलापाणी एकाच वाहिनीतून नेणारी ही व्यवस्था होती. हा तपशील लक्षात ठेवा; पाठाच्या शेवटी तो पुन्हा लागणार आहे. क्लार्कने उताराचे ऐकले आणि सगळे पाणी पूर्वेकडे, विद्याधरीच्या दिशेने सोडले.

पाण्यापाठोपाठ कचराही गेला. १८६० च्या दशकात नगरपालिकेने धापा येथे सुमारे एक चौरस मैल जमीन कचऱ्यासाठी घेतली आणि तो वाहून नेण्यासाठी स्वतंत्र रेल्वेमार्ग टाकला. १८७९ मध्ये ही जमीन भवनाथ सेन यांना भाडेपट्ट्याने मिळाली. सेन यांनी कुजलेल्या कचऱ्याच्या थरांवर गटाराचे पाणी देऊन भाजीपाला पिकवायला सुरुवात केली. शहराच्या कचऱ्याचे खत आणि शहराच्या गटाराचे पाणी वापरून पिकवलेली भाजी शहरालाच विकायची, हा हिशेब इतका सरळ होता की तो आजतागायत चालू आहे. धाप्याची फुलकोबी कोलकात्याच्या बाजारात नावाने ओळखली जाते.

नदी मेली, तेव्हा

खाऱ्या सरोवरांत भेड्या फार पूर्वीपासून होत्या, पण त्या निमखाऱ्या पाण्याच्या. भरतीबरोबर आलेली मासळी बांधाच्या आत अडवायची आणि वाढवायची, अशी ती पद्धत. मग विद्याधरी गाळाने भरत गेली. नदीला वरून येणारे गोडे पाणी तुटले होते, कालव्यांनी प्रवाह फिरवला होता, आणि भरतीचे पाणी जिथे पसरायचे ती जागा बांध घालून अडवली गेली होती. शेवटचे कारण समजून घ्या. भरतीचे पाणी जितके जास्त आत पसरेल, तितका ओहोटीचा ओढा जोरदार असतो आणि तो पात्रातला गाळ धुऊन नेतो. पसरायची जागा आक्रसली की हा धुवायचा जोरच संपतो. १९२८ मध्ये सरकारने विद्याधरी मृत झाल्याचे जाहीर केले.

शहरापुढे संकट होते : गटारे भरलेली आणि पाणी सोडायला नदी नाही. महापालिकेचे अभियंते बी. एन. डे यांनी मैलापाणी तीसेक किलोमीटर पूर्वेला कुल्टी नदीपर्यंत नेण्याची योजना आखली. तिच्यात दोन कालवे होते, एक कोरड्या दिवसांतल्या पाण्यासाठी आणि दुसरा पावसाच्या लोंढ्यासाठी. हे काम १९४३ मध्ये पूर्ण झाले. भेडीवाल्यांपुढे संकट वेगळे होते. भरतीचे खारे पाणी येईना, त्यामुळे जुने मासे जगेनात. १९३० च्या आसपास विधुभूषण सरकार यांनी गटाराचे पाणी तळ्यात घेऊन गोड्या पाण्यातले मासे वाढवून पाहिले आणि ते जमले. डे यांचे कालवे याच प्रदेशातून जाऊ लागल्यावर कालव्यातून पाणी घ्यायचे, तळ्यात मुरवायचे आणि निवळलेले पाणी पुढे सोडायचे, हा क्रम बसत गेला.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबले पाहिजे. आज ज्याला आपण 'नैसर्गिक शुद्धीकरण व्यवस्था' म्हणतो, ती एका नदीच्या मृत्यूतून आणि कोळ्यांच्या अडचणीतून जन्मली आहे. तिची रचना कोणत्याही एका मंडळाने किंवा शास्त्रज्ञाने केली नाही. जुन्या कोरीव लेण्यांबद्दल आपण जसे शिल्पी अज्ञात असे लिहितो, तसेच येथे लिहावे लागते. फरक इतकाच की या शिल्पींची नातवंडे अजून कामावर आहेत.

तळे काय काम करते

आता तंत्र पाहू. ते समजल्याशिवाय पुढचा कायदेशीर वाद समजणार नाही.

भेडीची खोली साधारण एक ते दीड मीटर असते. हिवाळ्यात तळे उपसून कोरडे करतात, तळ उन्हात तापू देतात, नांगरतात, चुना टाकतात. मग मैलापाणी आत घेतात आणि ते काही दिवस नुसते ठेवतात. या काळात जीवाणू मैल्यातील सेंद्रिय द्रव्य फोडतात. त्यातून मोकळे झालेले नत्र आणि स्फुरद यांवर सूक्ष्म शेवाळ वाढते. पाणी उथळ असल्यामुळे ऊन तळापर्यंत पोहोचते, शेवाळ दिवसभर प्राणवायू सोडते आणि तोच प्राणवायू जीवाणूंना पुढच्या कामाला लागतो. युरोपातील प्रकल्पात हा प्राणवायू यंत्राने, वीज खर्चून मिसळावा लागतो. येथे तो बंगालच्या उन्हातून फुकट मिळतो.

मात्र शेवाळ बेसुमार वाढले तर पहाटे घात होतो. रात्री शेवाळ प्राणवायू देत नाही, उलट घेते. सूर्योदयाच्या आधी मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडू लागले, की भेडीवरच्या कामगाराला समजते की पाणी जड झाले आहे. हे टाळण्यासाठी मासेच कामाला येतात. रोहू, कटला, मृगळ, चंदेरी कार्प, तिलापिया या जाती पाण्याच्या वेगवेगळ्या थरांत राहून वेगवेगळे अन्न खातात आणि शेवाळाला व प्लवकांना आवरून धरतात. वर्षभर मैलापाणी थोडे थोडे, हिशेबाने आत घेतले जाते. किती घ्यायचे हे कामगार पाण्याच्या रंगावरून आणि वासावरून ठरवतात. बांधालगत जलपर्णीचा पट्टा बांबूच्या आधाराने रोखून ठेवतात. तो लाटांपासून बांध वाचवतो, उन्हात माशांना सावली देतो आणि पाण्यातील काही जड धातू मुळांत शोषून घेतो. इतर तळ्यांत आपण ज्या जलपर्णीला शत्रू मानतो, तिला येथे पगारी नोकर म्हणून ठेवले आहे!

अशा अडीचशेहून अधिक भेड्या मिळून शहराचे दररोज सुमारे ७५ कोटी लिटर मैलापाणी वापरतात, असा नेहमी दिला जाणारा अंदाज आहे. वर्षाला दहा हजार टनांहून अधिक मासे निघतात. तळ्यांतून सुटलेले पाणी पुढे भातशेतीला जाते. हजारो कुटुंबे यावर जगतात.

कोणती जैवविविधता?

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. येथे वाचवण्यासारखे काय आहे, याचे उत्तर काळानुसार बदलले आहे.

१८९० च्या दशकात फ्रँक फिन हे पक्षितज्ज्ञ कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये काम करत होते. हिवाळ्यात ते शहरातील बाजारात जाऊन विक्रीला आलेली रानबदके पाहत आणि विकत घेत. आसपासच्या पाणथळांत पारध्यांनी जाळ्यात धरलेली ती बदके असत. बेअर पोचार्ड हे बदक भारतात येते, हे फिन यांना याच बाजारात समजले. आज ही जात जगभरात अतिसंकटग्रस्त मानली जाते. इतिहासाचे साधन कुठे सापडेल याचा नेम नसतो हेच खरे : एका पाणथळाच्या पक्षिवैभवाची नोंद कोंबडी-बदकांच्या दुकानातून झाली.

ती सरोवरे निमखारी होती. पाणी गोडे झाले तशी त्यांतली मासळी, कोळंबी, काठची वनस्पती आणि त्यांवर जगणारे पक्षी बदलले. मग १९६२ मध्ये मुख्यमंत्री बिधानचंद्र राय यांच्या पुढाकाराने, फाळणीनंतर फुगलेल्या शहरासाठी नवी वसाहत उभारायला उत्तरेकडची सरोवरे भरायला सुरुवात झाली. युगोस्लाव्हियातील एका कंपनीने हुगळीतील गाळ उपसून नळांवाटे पाण्यात ओतला. आजचे सॉल्ट लेक उपनगर त्या गाळावर उभे आहे. हे भरणे चालू असतानाच, १९६५ मध्ये, भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे आर. के. घोष यांनी याच खाऱ्या सरोवरांच्या परिसरातून दलदलीत राहणाऱ्या एका मुंगुसाचे विज्ञानासाठी प्रथमच वर्णन केले. पाणवनस्पतींच्या दाटीत पोहत शिकार करणारा हा प्राणी स्वतंत्र जात आहे की लहान मुंगुसाचाच प्रकार, यावर प्राणिशास्त्रज्ञांचे मतभेद आहेत. पण वेळ पाहा : शास्त्राने ज्याला नाव दिले, त्याचे घर त्याच वर्षांत बुजवले जात होते.

उरलेल्या भेड्यांत आज काय दिसते? पाणकावळे, बगळे, ढोकरी, खंड्या हे मासेखाऊ पक्षी भरपूर. जिथे पाणवेली आणि लव्हाळे शिल्लक आहेत तिथे कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, अडई. येथेच एक कठीण गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण गौरवपर लेखांत ती वगळली जाते. भेडी हे मत्स्यपालनाचे शेत आहे. पाणकावळा हा मालकाच्या दृष्टीने चोर आहे, त्याला हाकलले जाते. लव्हाळ्याची बेटे म्हणजे वाया गेलेले पाणी, म्हणून ती काढली जातात. काठ जितका स्वच्छ आणि सरळ, तितके उत्पन्न चांगले आणि मुंगुसाला, बदकांना जागा कमी. तळे मैलापाणी उत्तम शुद्ध करत असेल आणि तरी त्यावर पक्षी कमी असतील, हे शक्य आहे. शुद्धीकरण, अन्न आणि वन्यजीव या तीन गोष्टी एका जागी राहू शकतात, पण त्या आपोआप एकत्र राहत नाहीत.

अभियंता, नकाशा आणि खटला

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम बंगाल सरकारचे एक अभियंते, ध्रुवज्योती घोष, शहराच्या मैलापाण्याचे पुढे काय होते याचा शोध घेत या भागात पोहोचले. (वर आलेले प्राणिशास्त्रज्ञ घोष वेगळे, गोंधळ करू नका.) तोवर सरकारी कागदांत ही जमीन म्हणजे विकासाची वाट पाहणारी दलदल होती. घोष यांनी कोळ्यांकडून काम समजून घेतले, पाण्याची तपासणी केली आणि संपूर्ण प्रदेशाचा एक नकाशा तयार केला. त्यांनी या भागाला 'पूर्व कलकत्ता पाणथळे' हे एकत्रित नाव दिले. नाव देणे ही साधी बाब वाटते. पण भेडी, धाप्याची भाजीशेती आणि भातखाचरे या तीन वेगळ्या जमिनी एकाच व्यवस्थेचे भाग आहेत, हे त्या नावातून प्रथम दिसले. महसूल खात्याच्या नोंदीत ते कधी दिसले नसते. १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना ग्लोबल ५०० पुरस्कार दिला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

नकाशाची कसोटी लवकरच लागली. सरकार या भागात जागतिक व्यापार केंद्र आणि इतर बांधकामे करू पाहत होते. त्याविरुद्ध 'पीपल युनायटेड फॉर बेटर लिव्हिंग इन कॅलकटा' ही नागरिकांची संस्था उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी यांनी निकाल दिला आणि पाणथळांच्या जमिनीचा वापर बदलण्यास मनाई केली. विकास नको असे न्यायालयाने म्हटले नाही. विकास आणि पर्यावरण यांचा तोल राखला पाहिजे आणि हे क्षेत्र शहरासाठी जे काम करते ते मोलाचे आहे, ही भूमिका घेतली. पुढे १९ ऑगस्ट २००२ रोजी या क्षेत्राला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आणि २००६ मध्ये राज्याने त्यासाठी स्वतंत्र कायदा करून व्यवस्थापन प्राधिकरण नेमले.

तुम्ही हा निकाल वाचाल तेव्हा एक गोष्ट शोधा : संरक्षणाचे कारण म्हणून काय पुढे केले आहे? भारतातील बहुतेक संरक्षित क्षेत्रे वाघ, गेंडा किंवा पक्षी यांच्या नावाने राखली गेली. येथे जमीन वाचली ती तिच्या वापरामुळे. रामसर कराराच्या परिभाषेत याला 'सुज्ञ वापर' म्हणतात. माझ्या मते या युक्तिवादाची ताकद आणि त्याची मर्यादा एकच आहे. वापर हे कारण ठरले, म्हणून शेतकरी-कोळ्यांना बाहेर न काढता जमीन राखता आली. अभयारण्याच्या मार्गाने हे झाले नसते. पण उद्या कोणी म्हणाले की तेच काम यंत्राचा प्रकल्प कमी जागेत करतो, तर उत्तर काय?

क्रोमियमचा प्रश्न

जीवाणू आणि शेवाळ मैला पचवतात. धातू त्यांना पचत नाही. टांग्रा, तिलजला, तोपसिया या पूर्वेकडच्या वस्त्यांत कातडी कमावण्याचे शेकडो कारखाने होते आणि त्यांत क्रोमियमच्या क्षारांचा वापर होई. ते पाणी याच नाल्यांत मिसळे. १९ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कारखाने हलवण्याचा आदेश दिला. त्यांना नवी जागा मिळाली बानतला येथे, म्हणजे पाणथळांच्याच कडेला. तिथे सामायिक शुद्धीकरण प्रकल्प बांधला गेला, त्यामुळे प्रदूषणाला निदान एक पत्ता मिळाला. तरी गाळात बसलेला धातू कारखान्याबरोबर स्थलांतर करत नाही. तो तळाशी राहतो आणि तळातले खाणाऱ्या माशांत थोडा थोडा जातो.

म्हणून औद्योगिक पाण्यासाठी जैविक पद्धत वापरायची तर पाणी कुठून येते हे आधी पाहावे लागते. शहराच्या नैऋत्येला गार्डन रीच भागात मुदियाली येथे कोळ्यांच्या सहकारी संस्थेने हा प्रयोग केला आहे. येथे येणाऱ्या सांडपाण्यात कारखान्यांच्या पाण्याचा वाटा मोठा. संस्थेने ते एकदम माशांच्या तळ्यात न घेता आधी चुना, मग जलपर्णीचे लांब चर, मग निवळणीची तळी अशा टप्प्यांतून फिरवले. काठावर झाडे लावली, पक्ष्यांना जागा सोडली, आणि तिथे निसर्ग उद्यान उभे राहिले. जमीन मात्र बंदर प्रशासनाची. टाकाऊ दलदलीला किंमत आणली कोळ्यांनी, आणि किंमत आल्यावर मालकीचा प्रश्न उभा राहिला. सहकारी चळवळीच्या महाराष्ट्रातील अभ्यासकांना हा अनुभव ओळखीचा वाटेल.

दुसरी दोन ठिकाणे, थोडक्यात

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराने वेरिबी येथे मैलापाण्यावरची शेती सुरू केली. पहिले घर १८९७ मध्ये त्या वाहिनीला जोडले गेले. तिथली तळी पक्ष्यांसाठी इतकी प्रसिद्ध झाली की १९८२ मध्ये तो परिसर रामसर यादीत आला. पुढे उपसागरात जाणारे नत्र कमी करण्यासाठी शुद्धीकरण सुधारले, तेव्हा पेच पडला : पाणी स्वच्छ झाले की पक्ष्यांचे अन्न घटते. म्हणून काही जुनी तळी शुद्धीकरणाच्या कामातून सोडवून पक्ष्यांसाठी राखावी लागली.

असाच प्रश्न ठाण्याच्या खाडीपुढे आहे. छोटे रोहित पक्षी नीलहरित जीवाणू खातात आणि खाडीतल्या चिखलावर त्यांची वाढ होण्यात मुंबईच्या सांडपाण्याचा हात आहे, असे अभ्यासक मानतात. १९९० च्या दशकापासून शिवडीच्या चिखलावर हजारोंनी येणारे हे पक्षी पाहायला मुंबईकर जातात. भांडुपच्या सांडपाणी केंद्राची तळीही पक्षीनिरीक्षकांची ठरलेली जागा आहे. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ. कोलकात्याशी फरक असा, की इथे सांडपाणी कोणी शेतीसारखे हिशेबाने वापरत नाही. ते वाहत येते आणि पक्षी त्याचा लाभ घेतात.

बानतल्याचे दार

शेवटी पुन्हा कोलकात्याकडे, आणि क्लार्कच्या एकत्र वाहिनीकडे.

२००६ च्या कायद्याने जमिनीला संरक्षण दिले. तरी बांधकामाच्या राडारोड्याने तळी बुजवण्याच्या, गोदामे आणि प्लास्टिकचे कारखाने उभे राहण्याच्या तक्रारी चालूच आहेत आणि प्राधिकरणाने पोलिसांत गुन्हे नोंदवले आहेत. वृत्तपत्रांत तुम्हाला बहुधा याच बातम्या दिसतील. परंतु भेडीवाल्यांशी बोललात तर ते आधी पाण्याची तक्रार सांगतात. कायद्याच्या परिशिष्टात जमिनीचे तुकडे क्रमांकासह दिले आहेत. तळ्याला किती मैलापाणी आणि केव्हा मिळावे, हे तशाच ठामपणे कुठेही बांधलेले नाही.

भेड्यांत पाणी उताराने जाते. त्यासाठी मुख्य कालव्यातली पातळी तळ्यांपेक्षा उंच हवी. ही पातळी बानतला येथील दारांनी राखली जाते. दारे बंद ठेवली की पाणी चढते आणि बाजूच्या चरांतून तळ्यांकडे वळते. उघडली की सरळ कुल्टीकडे निघून जाते. शहरात जोराचा पाऊस झाला की रस्त्यांवर पाणी तुंबते, कारण मैलापाणी आणि पाऊस एकाच वाहिनीत आहेत. मग महापालिकेला कालवा रिकामा, म्हणजे खाली उतरलेला हवा असतो. कोळ्यांना तो भरलेला हवा असतो. चर गाळाने भरले आहेत, त्यामुळे पूर्वी ज्या पातळीला पाणी दूरच्या भेडीपर्यंत पोहोचत असे, त्या पातळीला आता ते वाटेतच अडते. ते मिळाले नाही की दूरची तळी आधी उथळ होतात, मग वर्षातले काही महिने कोरडी राहतात. कोरडे तळे बुजवणाऱ्याला अडवणे कठीण असते, कारण त्यावर पाणथळ असल्याचा पुरावाच उरत नाही.

या वादाची कागदपत्रे पाटबंधारे खाते, महापालिका आणि पाणथळ प्राधिकरण या तीन कार्यालयांत विखुरलेली आहेत. दूरच्या भेडीत पाणी कोणत्या साली शेवटचे पुरेसे आले, हे मात्र त्या भेडीवर जन्म घालवलेल्या कामगारांना तोंडपाठ आहे. प्रकल्पासाठी या विषयाची निवड करणाऱ्या विद्यार्थ्याने सुरुवात तिथून करावी, आणि सोबत थोडेफार बंगाली शिकून जावे.